संमतीचा उजेड

माणसाचे छायाचित्र दिवसाच्या प्रकाशात घ्यावयाचे तर आधी खिडकी शोधावी; ऊन थेट येत असल्यास पातळ पांढरा पडदा ओढावा. ही तयारी प्रकाशाची झाली. समोर बसणाऱ्याच्या संमतीचे काय?

कलकत्त्यात जन्मलेल्या ज्युलिया मार्गारेट कॅमेरॉन ह्यांना १८६३ साली, वयाच्या ४८व्या वर्षी, लेक-जावयाने कॅमेरा भेट दिला. आइल ऑफ वाइट बेटावरील घराच्या आवारातले कोंबड्यांचे काचेचे खुराडे ही त्यांची चित्रशाळा झाली. काचेवर प्रतिमा उमटण्यास कित्येक मिनिटे लागत. तोवर निश्चळ बसावयाचे. घरची मोलकरीण मेरी हिलियर हिला त्यांनी वारंवार पवित्र मरिया म्हणून बसविले. चित्रे अपूर्व आहेत, ह्यात शंका नाही. तरीही आमचे मन अडखळते. देवदूत नाझरेथच्या मरियेच्या होकारासाठी थांबला. मोलकरणीने मालकिणीला नकार तरी कसा द्यावा? तिला ते आवडतही असेल, कोण जाणे.

आमच्या धर्मग्रामात एका आजींना घरच्यांनी रेशमी साडी नेसवून ओटीवर उजेडात बसविले होते. त्या अवघडल्या होत्या. आम्ही विचारले, तेव्हा हळूच म्हणाल्या, “फादर, माझं लाल लुगडं आणायला सांगा ना.”