कोठडीच्या मापाची बाग

तुरुंगातल्या माणसासाठी कलेने काय करावे, या प्रश्नाला बहुधा दोनच उत्तरे मिळत आली आहेत: त्याची कहाणी बाहेरच्या जगाला सांगावी, किंवा त्याच्या हाती रंग, वाद्य वा नाटकाची संहिता देऊन त्याचे मन रमवावे. या दोन्ही उत्तरांमागे सद्भाव असतो, परंतु दोहोंत बंदी हा घेणाऱ्याच्या जागी आणि बाहेरचा माणूस देणाऱ्याच्या जागी राहतो. अमेरिकेतील न्यू ऑर्लिन्स शहरात काम करणाऱ्या जॅकी सुमेल या प्रयोगशील कलावतीने हे नाते उलटे केले असून तिच्या कामात बंदी सांगतो आणि बाहेरचे लोक त्याच्या सांगण्यानुसार राबतात.

या कामाचे मूळ हर्मन वॉलेस या बंद्याशी झालेल्या पत्रव्यवहारात आहे. लुइझियाना राज्याचे मुख्य कारागृह ‘अंगोला’ या नावाने ओळखले जाते. सुमारे 18,000 एकरांवर पसरलेली ही जमीन पूर्वी गुलामांच्या श्रमावर चालणारा मळा होती आणि आफ्रिकेतील ज्या प्रदेशावरून मळ्याला नाव पडले तेच पुढे तुरुंगालाही चिकटले. 1865 च्या तेराव्या घटनादुरुस्तीने गुलामगिरी रद्द करताना गुन्ह्याच्या शिक्षेपोटी होणाऱ्या सक्तीच्या श्रमाचा अपवाद ठेवला, त्यामुळे त्या शेतात राबणे थांबले नाही. दरोड्याच्या शिक्षेवर तेथे आलेल्या वॉलेसने 1970 च्या दशकारंभी सहकाऱ्यांसह ‘ब्लॅक पँथर’ या कृष्णवर्णीयांच्या लढाऊ पक्षाची शाखा तुरुंगातच उभारली. 1972 मध्ये ब्रेंट मिलर या पहारेकऱ्याचा खून झाला, वॉलेस आणि त्याचा सहकारी अल्बर्ट वुडफॉक्स यांची रवानगी एकांतवासात झाली आणि पुढे दोघांना या खुनासाठी दोषी ठरवण्यात आले. हा खून आपण केला नाही, असे दोघेही अखेरपर्यंत सांगत राहिले. मिलर यांच्या पत्नीनेही पुढे या दोषसिद्धीविषयी जाहीरपणे शंका व्यक्त केली.

या शतकाच्या आरंभी सुमेलने वॉलेसला पत्रातून एक प्रश्न विचारला: सहा फूट रुंद आणि नऊ फूट लांब खोलीत तीस वर्षे काढलेला माणूस कोणत्या घराचे स्वप्न पाहतो? वॉलेसने या प्रश्नाला एखाद्या गृहस्थाने वास्तुविशारदाशी बोलावे तसे तपशीलवार उत्तर दिले. घरासमोर फुलांचे वाफे हवेत, कारण बाग डोळ्यांपुढे आणणे त्याला सर्वांत सोपे जात होते. पोहण्याच्या तलावाच्या तळाशी काळा बिबट्या, म्हणजे ‘ब्लॅक पँथर’, रंगवलेला हवा. त्यानुसार आराखडे निघाले, घराची प्रतिकृती झाली आणि शेजारी कोठडीची लाकडी पूर्णाकृती ठेवून त्यांची प्रदर्शने भरली. अंगद भल्ला यांनी 2012 मध्ये या सहकार्यावर माहितीपटही केला.

1 ऑक्टोबर 2013 रोजी संघराज्य न्यायालयाने वॉलेसची दोषसिद्धी रद्द केली, कारण त्याच्यावर आरोप ठेवणाऱ्या ज्यूरीतून स्त्रियांना वगळण्यात आले होते. यकृताच्या कर्करोगाने खंगलेला वॉलेस रुग्णवाहिकेतून बाहेर आला आणि तीन दिवसांनी वारला. एकांतवासात त्याची सुमारे 41 वर्षे गेली होती. त्याच्या हयातीत ते घर बांधले गेले नाही.

वॉलेसच्या मृत्यूनंतर सुमेलने ‘सॉलिटरी गार्डन्स’ म्हणजे एकांतबागा उभारल्या, आणि तिच्या विचाराची खरी झेप येथे दिसते. प्रत्येक वाफा एकांत कोठडीच्या मापाचा असतो. त्याची चौकट ऊस, कापूस, तंबाखू आणि नीळ या एकेकाळी गुलामांकडून पिकवून घेतलेल्या वनस्पती चुन्याच्या मिश्रणात घालून तयार करतात आणि कोठडीतल्या पलंगाची व शौचकूपाची जागाही त्याच मिश्रणाने भरून टाकतात. उरते ती केवळ बंद्याला पाय टाकण्यापुरती मोकळी जमीन, आणि लागवड तेवढ्यातच होते. काय लावायचे, हे एकांतवासातला एखादा बंदी पत्रातून कळवतो आणि बाहेरचे स्वयंसेवक त्याबरहुकूम पेरतात, पाणी घालतात, निंदतात. ऊनपावसाने चौकट झिजत जाते आणि झाडे तिच्यावर मात करतात. कारागृह-निर्मूलनवाद, म्हणजे तुरुंग सुधारण्याऐवजी त्यांची गरजच न उरेल असा समाज घडवावा हा विचार, येथे घोषणेवाचून मातीत उतरलेला दिसतो.

याच वाफ्यांतील औषधी वनस्पतींपासून काढे, अर्क आणि मलमे बनवून ती तुरुंगवासाची झळ सर्वाधिक बसलेल्या वस्त्यांपर्यंत नेण्याचा उपक्रमही सुमेलने उभा केला. समाजातील माणसांनी शासनाची वाट न पाहता परस्परांच्या दुखण्याखुपण्याची जबाबदारी घेणे, या अर्थाने ही सामूहिक शुश्रूषाच आहे. विशेष हे की तिचा आरंभ समाजाने धोकादायक ठरवलेल्या माणसापासून होतो. ज्याला कोणाला पेलाभर पाणी देण्याची मुभा नाही, त्याने निवडलेल्या झाडाचा काढा अनोळखी घरातल्या आजाऱ्याच्या हाती पोहोचतो.

अशा बागेने कोणाची सुटका होते का, हा आक्षेप रास्त आहे. सुटका वकील, न्यायालये आणि चळवळी घडवतात. वुडफॉक्सही 2016 मध्ये दीर्घ न्यायालयीन लढ्यानंतरच सुटला. तथापि एकांतवास माणसाकडून नेमके जे हिरावतो ते, म्हणजे दुसऱ्याच्या उपयोगी पडण्याची शक्यता, ही बाग त्याला परत देते आणि हे काम कोणत्याही निकालपत्राच्या आवाक्यातले नाही. नियम आणि कायदे एकांतवासाला केवळ मर्यादा घालू शकतात: संयुक्त राष्ट्रांच्या कैद्यांच्या वागणुकीविषयीच्या 2015 च्या ‘मंडेला नियमां’नी सलग 15 दिवसांहून अधिक एकांतवास निषिद्ध मानला. भारतातही भारतीय न्याय संहितेची 11 व 12 ही कलमे या शिक्षेला एकूण तीन महिन्यांची आणि एका वेळी 14 दिवसांची मर्यादा घालतात, तर सुनील बत्रा खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने 1978 मध्येच तुरुंगाच्या दारात मूलभूत हक्क संपत नाहीत असे बजावले.

मराठी समाजाने तुरुंगात लिहिलेले साहित्य आदराने वाचले आहे, परंतु तो आदर मुख्यतः थोरांच्या वाट्याला आला. भारतातील कारागृहांत 2022 अखेर सुमारे पावणेसहा लाख माणसे होती आणि त्यांपैकी चारांतले तिघे कच्चे कैदी, म्हणजे खटल्याचा निकाल न लागलेले, होते. त्यांच्यापैकी कोणाशी ज्या वाचकाचा पत्राने वा भेटीने संबंध येईल, त्याने आपल्या मनातली मदत पुढे करण्याआधी त्या माणसाला बाहेर कोणते काम करून हवे आहे ते विचारावे आणि ते स्वतःच्या हातांनी करावे.