देव्हारा बाबांचा

जांभूळसारख्या गावात नास्तिक होणं एक वेळ सोपं. अवघड असतं ते त्यानंतर रोज बापाच्या शेजारी जेवायला बसणं. कॉलेजच्या वयात देव आहे की नाही हा वाद जिंकायचाच असतो. मी सत्यनारायणाच्या कथेतल्या विसंगती काढायचो, बाबा शांतपणे ऐकायचे आणि प्रसादाची वाटी पुढे सरकवायचे. प्रसाद नाकारला की आईचे डोळे भरायचे. वाद तिथे थांबायचा, मिटायचा मात्र नाही.

पुढे आगरकर वाचले. १८८८ साली ‘सुधारक’ काढणाऱ्या या माणसाची पुण्यात जिवंतपणी प्रेतयात्रा निघाली. घरात मात्र ते पत्नी यशोदाबाईंच्या व्रतवैकल्यांच्या आड आले नाहीत. याला दुटप्पीपणा म्हणणारे तेव्हाही होते. मला ते सुसंगत वाटतं. ज्याला स्वतःच्या बुद्धीने चालायचं आहे, त्याने दुसऱ्याला दंडाला धरून कसं चालवायचं?

कायदाही आपल्या बाजूचा. सप्टेंबर २०१४ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने सांगितलं, की सरकार कुणालाही धर्म जाहीर करायला भाग पाडू शकत नाही. ‘मला कोणताच धर्म नाही’ असं म्हणण्याचा हक्क घटनेच्या पंचविसाव्या कलमातच आहे. मी निकाल बाबांना वाचून दाखवला. ते म्हणाले, बरं झालं, पण मी काय सरकार आहे का? उत्तर नव्हतं. घटना माणसाला राज्यसत्तेपासून वाचवते, आईच्या डोळ्यांतल्या पाण्यापासून नाही.

मार्ग सापडला तो दाभोलकरांच्या पद्धतीत. ते स्वतः नास्तिक, पण १९८९ साली स्थापन केलेल्या अंधश्रद्धा निर्मूलन समितीने देव-धर्माला सरसकट विरोध केला नाही. शोषण कुठे होतं, नुकसान कुणाचं होतं, एवढंच विचारलं. आमच्याकडे हा प्रश्न गणपतीत आला. बारवी धरणाचं पाणी उल्हास नदीतून येतं, आमच्याच गावात एमआयडीसीच्या केंद्रात शुद्ध होतं आणि पुढे अंबरनाथ-डोंबिवलीकडे जातं. त्याच नदीत प्लास्टरच्या मूर्ती आणि निर्माल्य टाकायचं का? बाबांनी शाडूची मूर्ती आणली, विसर्जन हौदात केलं. कारण त्यांचं त्यांच्यापाशी: नदी हीच देवी, तिला घाण कशी करायची? माझं कारण गाळणी यंत्रांचं. कारणांवर एकमत व्हायलाच हवं, हा हट्ट तेव्हा सुटला. महाशिवरात्रीला अंबरनाथच्या देवळातही मी त्यांच्यासोबत जातो. ते पायऱ्या उतरून गाभाऱ्यात जातात, मी बाहेर १०६० सालची शिल्पं पाहतो.

पण हे सगळीकडे चालत नाही. जिथे कृतीच वेगळी हवी, तिथे काय? बाबांना आपल्यामागे दहावं-तेरावं मुलानेच करायला हवंय. मी हो म्हटलंय. तो विधी त्यांचा आहे, माझ्या मताचा जाहीरनामा नाही. मित्रांना ही माघार वाटते, वाटो.

मला स्वतःला मात्र देहदान करायचं आहे. अर्जावर जवळच्या माणसाची सही हवी होती. बाबांनी कागद परत केला. मला वाटलं, आता मोक्षाची गोष्ट निघणार. ते एवढंच म्हणाले, की पोराच्या मरणाच्या कागदावर बापाने सही करायची नसते. यात मला खोडून काढण्यासारखं काही सापडलं नाही. सही बहिणीची घेतली.