पितृऋण आणि पूर्वजाचे नाव

भारतीय धर्मविचारात पूर्वजांशी असलेले नाते मुख्यतः ऋणाच्या भाषेत मांडले गेले आहे. तैत्तिरीय संहितेनुसार ब्राह्मण जन्मतःच तीन ऋणांनी बांधलेला असतो. ऋषींचे ऋण अध्ययनाने, देवांचे यज्ञाने आणि पितरांचे संततीने फिटते. मूळ वचन एका वर्णापुरते असले, तरी पितृऋणाची कल्पना पुढे लोकव्यवहारात सर्व थरांत पसरली. श्राद्धविधीत पिता, पितामह आणि प्रपितामह या तीन पिढ्यांचा नावगोत्रासह उच्चार होतो आणि त्यांना अनुक्रमे वसू, रुद्र व आदित्य या देवतांच्या रूपात पाहिले जाते. म्हणजे ऋणाची ही व्यवस्था नावावर उभी आहे. ज्या पूर्वजाची ओळख सरकारी दप्तरात केवळ एका क्रमांकापुरती उरली, त्याचे ऋण वंशजाने कोणत्या अर्थाने मानावे, हा प्रश्न म्हणूनच गंभीर ठरतो.

हा प्रश्न बारामती आणि इंदापूर तालुक्यांच्या संदर्भात तपासण्यासारखा आहे. या अवर्षणग्रस्त भागातील माणसांना एकोणिसाव्या शतकात दोन नव्या व्यवस्थांनी गावाबाहेर ओढले. एक म्हणजे मुंबईहून पुण्यामार्गे सोलापूरकडे गेलेली ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वे, जिच्या दौंड स्थानकापासून पुढे बारामतीपर्यंत अरुंदमापी फाटा आला. दुसरी म्हणजे इंग्रजांचे लष्कर. महार समाजासाठी या दोहोंचा संबंध विशेष निकटचा होता. ईस्ट इंडिया कंपनीच्या मुंबई फौजेत महार शिपाई मोठ्या संख्येने होते. परंतु काही जाती जन्मतःच लढाऊ आणि बाकीच्या लढाईस अपात्र, असे मानणारा ‘लढाऊ जातीं’चा सिद्धान्त लष्करी धोरणात रुजल्यावर १८९०च्या दशकाच्या आरंभी त्यांची भरती थांबली. गोपाळबाबा वलंगकरांनी याविरुद्ध अर्ज तयार केला, शिवराम जानबा कांबळे यांच्या पुढाकाराने १९१० मध्ये जेजुरीच्या परिषदेतून पुन्हा मागणी झाली, आणि तोवरच्या पिढीने रेल्वे, गोदी व गिरण्या यांची वाट धरली. लोहमार्गाच्या ठरावीक टप्प्याची देखभाल करणाऱ्या टोळीतला मजूर, म्हणजे गँगमन, ही त्या काळातली गावकुसाबाहेरच्या माणसाला मिळू शकणारी, रोख पगाराची नोकरी होती. पहिल्या महायुद्धात माणसे कमी पडू लागली तेव्हा बंद दरवाजा उघडला. १९१७ मध्ये १११वी महार पलटण उभी राहिली आणि युद्धाची गरज सरताच १९२१ मध्ये मोडली गेली. रेल्वेतून पलटणीत आणि पलटणीतून पुन्हा मजुरीत, असा प्रवास करणारा माणूस या इतिहासातूनच घडला. त्याला अपवाद समजणे चुकीचे ठरेल.

अशा माणसाचा वंशवृत्तान्त शोधणे किती कठीण आहे, हे याच भागातल्या भवानीनगरच्या उदाहरणावरून कळते. श्री छत्रपती सहकारी साखर कारखान्याभोवती वाढलेल्या या वसाहतीची स्वतःची कागदपत्रे सहकारी चळवळीच्या काळामागे जात नाहीत, त्यामुळे शोध घेणाऱ्याला सणसर, लासुर्णे, बेलवाडी यांसारख्या जुन्या गावांच्या दप्तराकडे वळावे लागते. गावातील जन्ममृत्यूच्या नोंदी असलेले कोतवाल बुक, सातबाराच्या मागे असणारे फेरफार आणि त्यांतील वारसनोंदी, म्हणजे खातेदाराच्या मृत्यूनंतर वारसांची नावे लावल्याच्या नोंदी, ही मुख्य साधने होत. ज्याच्याकडे जमीन नव्हती त्याला फेरफारात जागा नव्हती. महाराच्या वाट्याला वतनी जमीन असे, पण ती सामाईक असल्याने व्यक्तीची ओळख तिच्यातही पुसट होई. दक्षिण महाराष्ट्रात बैलावर वह्या लादून फिरणारे हेळवी किंवा त्र्यंबकेश्वर, पंढरपूर येथील तीर्थोपाध्ये यांनी जपलेल्या वंशावळींतही देवळाच्या पायरीशी ज्यांना अडवले जाई त्यांना कितीसे स्थान असणार? आणि ज्यांना स्थान होते त्या घराण्यांच्याही वंशावळींत लेकीसुनांची नावे क्वचितच सापडतात.

नाव आणि क्रमांक यांतील भेद दोन स्मारकांच्या तुलनेतून अधिक स्पष्ट होतो. भीमा कोरेगाव येथील स्तंभावर १ जानेवारी १८१८च्या लढाईत पडलेल्या शिपायांची नावे कोरली आहेत, त्यांत ‘नाक’ हा महार नावांचा प्रत्यय ओळखू येतो, आणि १ जानेवारी १९२७ रोजी डॉ. आंबेडकरांनी तेथे दिलेल्या भेटीमागे या लिखित साक्षीचे बळ होते. कोरेगावच्या लढाईनंतर शतकभराने झालेल्या पहिल्या महायुद्धातील मेसोपोटेमियाच्या, म्हणजे आजच्या इराकच्या, आघाडीवर मेलेल्यांसाठी बसरा येथे जे भव्य स्मारक उभारले गेले, त्यावर इंग्रज सैनिकांची आणि हिंदी अधिकाऱ्यांची नावे आली, पण साध्या हिंदी शिपायांची पलटणनिहाय केवळ संख्या नोंदवली गेली. राष्ट्रकुल युद्धसमाधी आयोगाने २०२१ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अहवालात ही विषमता मान्य केली. पराक्रम समान असूनही नाव नाकारणे हा केवळ कारकुनी निष्काळजीपणा म्हणता येत नाही; मृत्यूनंतरही माणसांची प्रतवारी चालू ठेवण्याचा तो प्रकार होता.

धर्मशास्त्राने अज्ञाताचा विचार केला आहे, हे येथे प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे. गोत्र ठाऊक नसल्यास काश्यप गोत्राचा उच्चार करण्याची मुभा आहे. मृत्युतिथी माहीत नसलेल्यांसाठी भाद्रपदातील सर्वपित्री अमावास्या आहे. शस्त्राने मेलेल्यांसाठी तिच्या आदल्या दिवशीची चतुर्दशी राखलेली आहे. आणि परदेशी गेलेल्याचा देह न मिळाल्यास पळसाच्या पानांची प्रतिकृती करून दहन करण्याचा पालाशविधीही सांगितला आहे. या तरतुदींत मोठी करुणा आहे. मात्र त्या अज्ञानाला सामावून घेतात, ते दूर करण्याची अपेक्षा ठेवत नाहीत. विधी पूर्ण झाला की कर्त्याचे मन निश्चिंत होते आणि पूर्वज होता तसाच अनोळखी राहतो. चार्वाकांचा आक्षेप याहून मूलगामी होता. येथे दिलेल्या अन्नाने परलोकातील मृत तृप्त होत असेल, तर प्रवासाला निघालेल्याने शिदोरी तरी का न्यावी, असे ते विचारीत, आणि या प्रश्नाला तर्काच्या पातळीवर समाधानकारक उत्तर मिळालेले नाही.

१४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूर येथे धम्मदीक्षा घेणाऱ्यांनी श्राद्धपक्ष व पिंडदान न करण्याची प्रतिज्ञा केली. रेल्वेतून पलटणीत गेलेल्या त्या पिढीचे असंख्य वंशज आज बौद्ध आहेत, म्हणून त्यांच्यापुढे हा प्रश्न नव्या रूपात उभा राहतो. बौद्ध दर्शन नित्य आत्मा मानत नाही. कर्माचा वारसा ज्याचा त्याला मिळतो, आजोबांच्या शौर्याचे पुण्य नातवाच्या खाती जमा होत नाही, आणि जन्मावरून कोणी श्रेष्ठ ठरत नाही असे सुत्तनिपातातील वसलसुत्त सांगते. कुळाच्या अभिमानाला येथे आधारच उरत नाही. तथापि दीघनिकायातील सिगालोवादसुत्तात कुलपरंपरा राखणे हे अपत्याचे कर्तव्य म्हटले आहे, आणि अंगुत्तरनिकायात जगात दुर्मीळ अशा दोन व्यक्ती सांगितल्या आहेत : आधी उपकार करणारा आणि केलेले जाणून त्याची उतराई करणारा. ही दुसरी कल्पना पितृऋणाच्या प्रश्नाला निर्णायक वळण देते. विधी अज्ञानातही पार पडू शकतो, पण कृतज्ञता अज्ञानात संभवत नाही. कोणी काय केले, कोणत्या परिस्थितीत केले आणि त्याची किंमत काय मोजली, हे कळल्यावाचून कृतज्ञ होणे म्हणजे केवळ भावुक होणे होय.

यातून शोधाची नैतिक अटही ठरते. सापडेल ते सत्य स्वीकारावे लागते. पूर्वज देशप्रेमाने नव्हे तर पगारासाठी भरती झाला असेल. त्याने परक्या साम्राज्यासाठी दुसऱ्या परक्यांच्या भूमीवर पाऊल ठेवले असेल. घरात ‘शिपाई’ म्हणून आठवला जाणारा माणूस प्रत्यक्षात सैन्यामागून ओझी वाहणारा किंवा रूळ टाकणारा मजूर असेल. यांपैकी कशानेही ऋण कमी होत नाही. उलट बंदूक नाकारली गेलेल्याने फावडे घेऊन युद्धभूमीवर काढलेली वर्षे अधिक समजून घेण्याजोगी आहेत, कारण त्यांची आठवण क्वचितच जपली गेली. पूर्वजाला सोयीचा वीर बनवणारा वंशज त्याची प्रतवारी करणाऱ्या साम्राज्याचेच मोजमाप पुन्हा वापरतो.

पहिल्या महायुद्धातील ब्रिटिश युद्धपदक सैनिकाला चांदीचे आणि मजूर तुकड्यांतील माणसाला बहुधा काशाचे मिळे, आणि त्याच्या कडेवर क्रमांक, हुद्दा, नाव व तुकडी बारीक अक्षरांत कोरलेली असे. ज्या घरांत असे पदक, सेवामुक्तीचा दाखला किंवा रेल्वेचा जुना कागद अजून शिल्लक आहे, त्यांनी तो सोनाराकडे किंवा रद्दीत जाण्यापूर्वी वाचावा, त्यावरील नाव उतरवून घ्यावे आणि त्या माणसामागे घर चालवणाऱ्या स्त्रीचे नावही त्याच पानावर लिहून ठेवावे.