दुखणे आणि दुखवणे



‘हर्ट’ हा इंग्रजी शब्द हल्ली आपल्या घरोघरी आला आहे. इंग्रजीत पाय दुखतो तेव्हाही हेच क्रियापद आणि दुसऱ्याला दुखवले तेव्हाही हेच. मराठीत मात्र दुखणे वेगळे, दुखवणे वेगळे. दुखवायला कोणीतरी लागतो. ‘ती हर्ट झाली’ म्हटले की तो कोणीतरी अलगद निसटतो. ‘हर्ट झाली असशील तर सॉरी’ हे तर त्याहून हुशारीचे. जणू तिनेच दुखून घेतले!

कायद्यातही हा शब्द आहे. ३२३, ५०४, ५०६ ही कलमे गावोगाव लोकांना पाठ असत. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता लागू झाली आणि ३२३ च्या जागी ११५ (२) आले. व्याख्या तीच राहिली : शारीरिक वेदना, रोग किंवा दुर्बलता देणे म्हणजे दुखापत. मन त्यात नाही. शिवीगाळीला, धमकीला वेगळी कलमे आहेत, पण नळावरची कुजबुज सहसा ठाण्यापर्यंत जात नाही.

तरी एका बोलण्याला आपल्या राज्याने गुन्हा ठरवले आहे. अमुक व्यक्ती करणी करते, मंत्राने गुरांचे दूध आटवते, असा संशय पसरवला तर २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्याने सहा महिने ते सात वर्षे कैद होऊ शकते. तेथे कोणी हात उगारलेला नसतो.

मग खरे बोलणेही लागतेच, ते पाप का? नाथान संदेष्ट्याने दावीद राजाला त्याचे पाप ऐकवले. पण तो राजाकडेच गेला, शेजाऱ्याकडे नाही. प्रभू येशूनेही (मत्तय १८) हाच क्रम घालून दिला : आधी त्याला एकांतात गाठ. आपण नेमके त्याला सोडून बाकी सर्वांना सांगतो, आणि वर ‘खोटे थोडेच बोललो?’

ख्रिस्तसभेची शिकवण येथे कडक आहे. योग्य कारणावाचून दुसऱ्याचे खरे दोष उघड करणे हेही पाप आहे, आणि क्षमा मिळाली तरी भरपाईचे कर्तव्य उरते. धानाचा कट्टा चोरला तर परत देता येतो. गेलेले नाव कसे द्यायचे? जिथे बोललो तिथेच जाऊन, त्याच लोकांसमोर, ‘मी तिला दुखवले, मला ते सांगायचा हक्क नव्हता’ असे म्हणावे लागेल. पापनिवेदनात फादरांना हे सांगणे त्यामानाने सोपे. उघडपणे भरपाई शक्यच नसेल तर ती गुप्तपणे करावी, असेही ख्रिस्तसभा सांगते; करूच नये असे मात्र कोठेही म्हटलेले नाही.