ठासणीचा गज

खडकात पाडलेल्या भोकात दारू भरून ती घट्ट दाबण्यासाठी वापरला जाणारा दांडा हे खाणकामातील सर्वांत साधे हत्यार म्हणता येईल. त्याला धार नाही, सांधा नाही, फिरणारा किंवा सरकणारा एकही भाग नाही. कोणत्याही गावच्या लोहाराने किंवा सुताराने तो तासाभरात तयार करावा, इतकी त्याची घडण सोपी असते. खाणकामाच्या इतिहासग्रंथांत वाफेच्या पंपाला, सुरक्षादीपाला आणि डायनामाइटला स्वतंत्र प्रकरणे मिळतात आणि या दांड्याची, म्हणजे ठासणीच्या गजाची, जेमतेम एका ओळीत बोळवण होते. तरीही तो लोखंडाचा असावा, तांब्याचा असावा की लाकडाचा, या एका प्रश्नावर शेकडो वर्षे माणसांचे डोळे, हात आणि प्राण अवलंबून होते, आणि त्या प्रश्नाचे उत्तर माहीत झाल्यानंतरही ते अमलात यायला फार मोठा काळ जावा लागला. ज्ञान आणि अंमल यांच्यातील हे अंतर कशाने पडले, हे पाहू लागले की सावधपणा ही कामगाराच्या अंगची सवय मानायची की त्याच्या हातात दिलेल्या वस्तूचा गुण मानायचा, हा औद्योगिक समाजातील एक मूलभूत वाद समोर येतो.

सुरुंगाची दारू म्हणजे सोरा, लोणारी कोळसा आणि गंधक यांचे मिश्रण. त्याचे प्रचलित प्रमाण वजनाने साधारण 75, 15 आणि 10 असे असते, आणि खाणीसाठीच्या स्वस्त दारूत सोऱ्याचा वाटा याहूनही कमी ठेवला जाई. ही दारू उघड्यावर पेटवली तर ती भपकन जळून जाते, तिच्याने दगडाचा कपचाही निघत नाही. तिचे ज्वलन कणाकणाने पुढे सरकते, त्यातून तप्त वायू निर्माण होतात, आणि या वायूंना बाहेर पडायला वाट मिळाली नाही तरच त्यांचा दाब खडकाला तडा देण्याइतका वाढतो. म्हणून दारूवर माती किंवा चिकणमाती भरून भोकाचे तोंड बंद करावे लागते. या भरावाला खाणकामात ठासण म्हणता येईल. ठासण ढिली राहिली तर ती बंदुकीतील गोळीप्रमाणे बाहेर फेकली जाते आणि खडक जागचा हलत नाही. याचा अर्थ असा की ज्या पदार्थाजवळ जोराने ठोकणे सर्वाधिक धोक्याचे, नेमके त्याच्याच जवळ जोराने ठोकल्याखेरीज काम होत नाही. गजाचा सारा इतिहास या एका विसंगतीतून निघाला आहे.

युरोपातील खाणीत दारूने खडक फोडल्याच्या सुरुवातीच्या सुस्पष्ट नोंदींपैकी एक 8 फेब्रुवारी 1627 ची आहे. आजच्या स्लोव्हाकियातील आणि त्या काळी हंगेरीच्या राज्यात असलेल्या बान्स्का श्टियाव्निका या खाणनगरीत कास्पर वाइंडल या टिरोलहून आलेल्या खाणतज्ज्ञाने हा प्रयोग केला. त्याआधी कठीण खडक फोडायचा तो घण-छिन्नीने, किंवा खडकाला लागून लाकडांचा जाळ करून तो तापवून तडकवायचा, आणि या पद्धतीने महिनोन्महिने खपूनही बोगदा थोडाच पुढे सरके. सुरुवातीला भोकाचे तोंड लाकडी खुंटी ठोकून बंद करीत. सतराव्या शतकाच्या अखेरीस तिच्या जागी चिकणमाती आली, आणि त्याच सुमारास ही विद्या इंग्लंडच्या नैर्ऋत्य टोकाला असलेल्या कॉर्नवॉलमध्ये, कथील आणि तांब्याच्या खाणींत पोचली.

कॉर्नवॉलच्या ग्रॅनाइटमध्ये सुरुंग भरण्याची रीत अशी होती. एक जण पोलादी छिन्नी धरून प्रत्येक घावानंतर ती थोडी फिरवी आणि दुसरा, कधी दुसरा-तिसरा मिळून, तिच्यावर घण घाली. अशा रीतीने भोक पुरेसे खोल झाले की ते खरवडून कोरडे करीत आणि त्यात दारू ओतीत. मग भोकाच्या कडेने एक लांब, निमुळती सुई थेट दारूपर्यंत उभी ठेवीत, तिच्याभोवती मातीचे थर घालून प्रत्येक थर गजाने ठोकीत, आणि भोक भरले की सुई हळूच उपसून काढीत. तिच्या जागी राहिलेल्या बारीक नळीत दारू भरलेली गवताची काडी किंवा हंसाच्या पिसाची पोकळ दांडी सोडायची, तिच्या टोकाला सावकाश जळणारा कागद लावायचा, तो पेटवायचा आणि आडोशाला पळायचे. या क्रियेत सुई आणि गज ही दोन हत्यारे दारूच्या अगदी निकट येत, आणि ती दोन्ही बहुधा लोखंडाची असत.

लोखंडाचा दोष त्याच्या स्वभावातच आहे. गारेसारख्या कठीण खनिजावर लोखंड आपटले की त्याचे अतिसूक्ष्म कण खरवडून निघतात, आणि ते उघड्या हवेत येताच ऑक्सिजनशी संयोग पावून जळू लागतात. ठिणगी दिसते ती हीच. तिचे तापमान हजार अंशांच्या वर जाते आणि दारू पेटायला त्याहून बरेच कमी तापमानही पुरते. चकमकीत माणसाने हजारो वर्षे जो गुणधर्म कामाला लावला, तोच सुरुंगाच्या भोकात घात करतो. तांबे खरवडले गेले तरी त्याचे कण असे पेटत नाहीत आणि लाकडाचा तर प्रश्नच येत नाही. यातील रसायनशास्त्र उमगले नव्हते तेव्हाही अनुभवाने एवढे कळलेलेच होते, आणि तांब्याच्या सुया किंवा तांब्याचे टोक बसवलेले गज एकोणिसाव्या शतकाच्या पहिल्या दशकांत उपलब्धही होते. तरी लोखंड हटले नाही.

याचे कारण खडकात नाही, मजुरीच्या पद्धतीत शोधावे लागते. कॉर्नवॉलचा खाणकामगार रोजंदारीवर नसे. बोगदा किंवा विहीर खणणाऱ्या टोळीला दर सहा फुटांमागे ठरलेली रक्कम मिळे, आणि खनिज काढणाऱ्या टोळीला त्याच्या किमतीतील ठरावीक हिस्सा. दोन्ही प्रकारांत दारू, मेणबत्त्या आणि हत्यारांना धार लावण्याचा खर्च त्या कमाईतून कापला जाई. अशा व्यवस्थेत तांब्याचे हत्यार म्हणजे महागडे आणि मऊ हत्यार ठरते, त्याचे टोक पसरते आणि सुई वाकते, तर लोखंडी गज टिकतो, जड असल्यामुळे थोड्या ठोक्यांत माती घट्ट बसवतो आणि वेळ वाचवतो. वेळ वाचला की फूट वाढतात आणि फूट वाढले की घरी भाकरी जाते. गजाची निवड कामगार स्वतःच करी हे खरे. परंतु त्या निवडीचे सर्व भाव दुसऱ्याच कोणी ठरवून ठेवले होते. स्फोट झाला की त्याला कामगाराची हयगय म्हणण्याची रीत पडली होती, आणि एका अर्थाने ती खोटी नव्हती, कारण हात त्याचाच होता. मात्र हयगय हा शब्द वापरणाऱ्याला गजाची किंमत कोणी मोजायची या प्रश्नाचे उत्तर द्यावे लागत नाही, आणि या शब्दाची सोय तीच आहे.

पहिली मोठी सुधारणा खाणीबाहेरच्या माणसाने केली. विल्यम बिकफर्ड हा कॉर्नवॉलमधील टकिंगमिल येथील चामड्याचा व्यापारी. खाणीतील अपघात पाहून तो व्यथित झाला होता, आणि दोर वळण्याच्या कारागिरीवरून त्याला एक युक्ती सुचली. दारूची बारीक धार मधोमध सोडत तिच्याभोवती सुताचे पेड वळायचे आणि वरून डांबरासारखा लेप द्यायचा, म्हणजे ठरावीक गतीने, फुटाला साधारण अर्धे मिनिट, जळत जाणारी वात तयार होते. 1831 मध्ये त्याने तिचे पेटंट घेतले. या वातीमुळे आडोसा गाठायला किती अवधी आहे हे आधीच कळू लागले, आणि तितकीच मोलाची गोष्ट अशी की सुईची गरजच उरली नाही, कारण वात आधीच दारूत सोडून तिच्याभोवती ठासण करता येऊ लागली. सुई जपून काढा असे कामगाराला हजार वेळा सांगून जे साधले नव्हते, ते सुई नाहीशी करून साधले. बिकफर्ड 1834 मध्ये वारला. आपल्या वातीने केलेली करामत त्याला फारशी पाहायला मिळाली नाही.

गज मात्र राहिला, आणि जगातील सर्वांत प्रसिद्ध गज त्यानंतरचा आहे. 13 सप्टेंबर 1848 रोजी अमेरिकेतील व्हरमाँट राज्यात कॅव्हेंडिश गावाजवळ लोहमार्गासाठी खडक फोडण्याचे काम चालू असताना फिनिअस गेज या पंचवीस वर्षांच्या मुकादमाच्या लोखंडी गजाने दारू पेटली, आणि तो गज त्याच्या गालातून शिरून कवटीच्या वरच्या भागातून आरपार गेला. 3 फूट 7 इंच लांब, सव्वा इंच जाड आणि सुमारे 6 किलो वजनाचा, एका टोकाला निमुळता असलेला हा गज त्याने खास बनवून घेतलेला होता. गेज जगला, पुढे त्याने चिली देशात घोडागाडी हाकण्याचे काम केले आणि 1860 मध्ये तो वारला. त्याची कवटी आणि तो गज आज हार्वर्ड विद्यापीठाच्या संग्रहालयात जतन केलेले आहेत. त्याच्यावर उपचार करणाऱ्या डॉक्टर जॉन हार्लो यांनी केलेल्या नोंदींमुळे ही घटना मेंदू आणि स्वभाव यांच्या संबंधाचे उदाहरण म्हणून मानसशास्त्राच्या अनेक पाठ्यपुस्तकांत आली. मेंदूविषयी तिने बरेच शिकवले, हे नाकारण्याचे कारण नाही. पण गज लोखंडाचा का होता हा प्रश्न त्या पाठ्यपुस्तकांच्या कक्षेत येत नाही, आणि त्याच काळात तसल्याच गजांनी ज्यांचे डोळे गेले किंवा हात तुटले, त्यांच्या जखमा वैद्यकाच्या दृष्टीने नित्याच्या असल्याने त्यांची नावे कोणत्याही पुस्तकात गेली नाहीत.

ब्रिटनमध्ये कायद्याने हात घातला तो 1872 मध्ये. कोळशाच्या आणि धातूंच्या खाणींसाठी त्या वर्षी झालेल्या दोन्ही कायद्यांनी लोखंडी किंवा पोलादी सुई वापरण्यावरच नव्हे, तर ती खाणीत जवळ बाळगण्यावरही बंदी घातली. गजाबाबत मात्र तडजोड झाली. दारूवरचा बोळा आणि ठासणीचा पहिला थर एवढ्यापुरताच लोखंडी गज निषिद्ध ठरला. वरचे थर त्याने ठोकायला मोकळीक राहिली. या तरतुदीचा अर्थ असा होतो की कामगाराने दोन गज बाळगावेत, मेणबत्तीच्या उजेडात पहिला थर कुठे संपला हे ओळखावे आणि तेथे गज बदलावा. म्हणजे कायद्याने वस्तू बदलली, पण अर्धीच, आणि उरलेला अर्धा भाग पुन्हा कामगाराच्या सावधपणावर सोडून दिला. कोळशाच्या खाणींसाठीच्या 1887 च्या कायद्याने ही फट बुजवली आणि सुरुंग भरण्याच्या सबंध क्रियेतून लोखंडाला हद्दपार केले. त्याच कायद्याने ठासणीसाठी कोळशाचा चुरा वापरायलाही मनाई केली, कारण तो स्वतःच पेट घेतो.

भारतात हा प्रश्न लोहमार्गाच्या कामातही उभा राहिला. बोरघाटातील चढाचे काम 1856 मध्ये सुरू होऊन 1863 मध्ये पुरे झाले, आणि आल्फ्रेड नोबेल या संशोधकाने डायनामाइटचे पेटंट 1867 मध्ये घेतलेले असल्याने सह्याद्रीच्या काळ्या पत्थरातील तेथील 25 बोगदे हाताने भोके पाडून आणि हाताने दारू ठासूनच खोदले गेले, हे उघड आहे. ज्यांनी ती ठासली त्यांची नावनिशी मागे उरलेली नाही. दख्खनच्या पठारावर विहिरी खणतानाही कातळ लागला की सुरुंगाखेरीज उपाय नसे, आणि पहार, घण, सुरुंगाची दारू ही सामग्री या कामात पिढ्यान्‌पिढ्या वापरली गेली. संघटित खाणींसाठी मात्र स्वतंत्र भारताने निःसंदिग्ध नियम केले. कोळसा खाणींसाठीच्या, 2017 पर्यंत लागू असलेल्या 1957 च्या नियमावलीनुसार सुरुंग उडवणाऱ्या अधिकृत कामगाराला, म्हणजे शॉटफायररला, सुरुंग भरण्यासाठी आणि ठासण्यासाठी संपूर्णपणे लाकडाचे हत्यार, आणि भोक साफ करण्यासाठी पितळेची किंवा लाकडाची खरवडणी पुरवली गेली पाहिजे, आणि त्याने याखेरीज दुसरे हत्यार वापरता कामा नये, असे बंधन होते. यातील ‘पुरवली गेली पाहिजे’ ही शब्दयोजना या नियमाचा गाभा आहे. कॉर्नवॉलच्या कामगाराच्या हिशेबातून जी किंमत कापली जात होती, ती येथे खाणीच्या हिशेबात गेली. ती तेथे गेल्याखेरीज लाकडी गजाचा आग्रह हा केवळ उपदेश ठरला असता.

यावर एक आक्षेप गंभीरपणे घेतला जातो, आणि तो दुर्लक्षिण्याजोगा नाही. हत्यारच निर्धोक केले तर माणूस गाफील होतो, आणि धोक्याच्या सान्निध्यात मुरलेले कसब हळूहळू लोप पावते, असे म्हटले जाते. लाकडी गज हातात असला म्हणजे सर्व निभावले, हे खरे नाहीच. नायट्रोग्लिसरीन असलेली काडतुसे आघातानेही उडू शकतात, त्यामुळे ती लाकडानेही ठोकायची नसतात, हलकेच सरकवायची असतात. न उडालेल्या सुरुंगाची ठासण उकरून काढणे तर कोणत्याही हत्याराने जीवघेणेच. तथापि या आक्षेपात कसब कशाला म्हणावे याचा घोटाळा आहे. खडकाची भेग कोणत्या अंगाने जाते हे घणाच्या आवाजावरून ओळखणे, भोक कुठे आणि किती तिरके घ्यावे हे ठरवणे, किती दारूत किती खडक सुटेल याचा अंदाज बांधणे, हे कसब आहे आणि लाकडी गजाने ते रतिमात्र कमी होत नाही. लोखंडी गज दिवसातून शेकडो वेळा आपटताना एकदाही त्याची कड दगडावर घासू न देणे हे कसब नसून नशिबाशी चाललेला रोजचा जुगार आहे, आणि असा जुगार एखाद्याला अनेक वर्षे जिंकता आला, म्हणून तो खेळायला लावणाऱ्या व्यवस्थेचे समर्थन होऊ शकत नाही.

आज मोठ्या खाणींत हाताने ठासण्याचे काम कमी झाले आहे. अमोनियम नायट्रेटचे दाणे आणि सुमारे सहा टक्के डिझेल यांचे मिश्रण दाबाखालील हवेने नळीतून थेट भोकात भरले जाते, आणि येथे जुना प्रश्न नव्या रूपाने उभा राहतो. वेगाने जाणारे कोरडे दाणे नळीला घासून स्थिर वीज निर्माण करतात. ती साठत गेली तर विजेवर उडणारा डिटोनेटर, म्हणजे स्फोटाची सुरुवात करून देणारी टोपी, अवेळी उडू शकतो. नळी धातूची, म्हणजे विजेची उत्तम वाहक असेल, तर यंत्रांमधून भरकटलेला प्रवाह तिच्यामार्फत डिटोनेटरपर्यंत पोचण्याची भीती. साध्या प्लॅस्टिकची, म्हणजे पूर्ण विद्युतरोधक असेल, तर साठलेला भार जमिनीत उतरत नाही. म्हणून या कामासाठी अर्धवाहक नळी वापरावी लागते आणि भरणयंत्र जमिनीशी तारेने जोडावे लागते. नागपुरात मुख्यालय असलेल्या पेट्रोलियम आणि स्फोटक सुरक्षा संघटनेपासून धनबादच्या खाणसुरक्षा महासंचालनालयापर्यंत ज्या यंत्रणा या कामावर देखरेख करतात, त्यांच्यापुढे या नळीच्या निमित्तानेही गजाच्याच प्रश्नाची उजळणी होते: वस्तू कशाची बनलेली आहे, ती तशी आहे हे कोणी तपासले, आणि झिजल्यावर नवी घेण्याचा खर्च कोणाच्या खात्यावर पडतो.