रद्दी विकली, जबाबदारी उरली

वस्तू विकली की तिची जबाबदारीही विकली जाते का? नीतिशास्त्रातला हा प्रश्न अमेरिका आणि चीन यांच्यातल्या कागद-पुठ्ठ्याच्या व्यापाराने ठळकपणे पुढे आणला. चीनचे कारखाने जगासाठी माल बनवू लागले तशी पुठ्ठ्याच्या खोक्यांची गरज वाढली. लगद्यासाठी तिथे लाकूड अपुरे आणि अमेरिकेत वापरलेल्या पुठ्ठ्याचे ढीग. माल उतरवून जहाजे बरीचशी रिकामीच परतत, त्यामुळे परतीचे भाडे स्वस्त. ही सोय हेरून चांग यिन यांनी 1990 मध्ये लॉस एंजेलिसमध्ये रद्दी निर्यातीचा धंदा सुरू केला आणि 1995 मध्ये दक्षिण चीनमध्ये ‘नाइन ड्रॅगन्स’ ही कागद कंपनी काढली. 2010 उजाडेपर्यंत कागद-पुठ्ठ्याच्या उत्पादनात चीनने अमेरिकेला मागे टाकले होते.

हा सौदा दोघांच्या राजीखुशीचा होता, झाडेही वाचली, मग त्यात गैर काय, असा आक्षेप कोणी घेईल. कागदापुरता तो खराच आहे. पण गठ्ठ्यांतून खरकटे, प्लास्टिक आणि ओला कचराही जात होता. निवडण्याचे काम घरी महाग पडत होते, म्हणून ते स्वस्त मजुरीच्या देशावर ढकलले गेले. विकत घेणाऱ्या गिरणीची संमती होती. त्या गिरणीशेजारच्या नदीकाठी राहणाऱ्यांना कोणी विचारलेच नव्हते. वाल्याच्या कथेत घरचे लोक लुटीचे अन्न खातात, पापात मात्र वाटा नाकारतात. इथे नाकारणारे दोन्ही बाजूंना होते: वापरणारा म्हणाला, मी तर विकून मोकळा झालो, गिरणी म्हणाली, घाण मी केलेली नाही. पैसा वाटला की प्रत्येकाच्या वाट्याला कमी येतो. जबाबदारीचे गणित तसे नाही. कृतीत सहभागी असलेल्या प्रत्येकावर ती पूर्णच राहते.

2018 च्या सुरुवातीला चीनने न निवडलेली मिश्र रद्दी बंद केली, मार्चपासून इतर रद्दीतील घाणीची मर्यादा अर्ध्या टक्क्यावर आणली आणि 2021 पासून घनकचऱ्याची आयातच थांबवली. अमेरिकेतल्या अनेक गावांना रद्दीचे पैसे मिळण्याऐवजी ती उचलण्यासाठी पैसे मोजावे लागले. काही ठिकाणी ती जाळली किंवा पुरली गेली. इतकी वर्षे जो खर्च दिसत नव्हता, तो नाहीसा झालेला नव्हता हे यातून सिद्ध झाले. मग चीन तरी निर्दोष का? तेही म्हणता येत नाही. चिनी कंपन्यांनी आग्नेय आशियात कारखाने उभारून तिथे रद्दीचा लगदा करवून घेतला आणि तो मायदेशी नेला. पाश्चात्त्य रद्दीचा मोठा ओघ भारतातल्या गिरण्यांकडेही वळला. बंदीने घाणीचा पत्ता बदलला, एवढेच.

एकट्या ग्राहकाच्या हाती काय आहे, हा दुसरा आक्षेप. एक खोके टाकणाऱ्याला समुद्रापलीकडची नदी दिसत नाही, हे मान्य. म्हणूनच हे कर्तव्य त्याच्या सदिच्छेवर सोडून चालणार नाही. रद्दी निवडून स्वच्छ करण्याचा खर्च तिच्या मूळ देशानेच, खोक्याच्या किमतीत धरून, उचलला पाहिजे. विक्रीच्या पावतीने मालकी बदलते, कर्तेपण बदलत नाही.