ज्याचा टाळ थांबत नाही

सज्जनहो, ज्येष्ठ वद्यात दोन्ही पालख्या पुण्यनगरीत येतात. तुकोबारायांची पालखी नाना पेठेत निवडुंग्या विठोबाच्या देवळात उतरते, तर माउलींची भवानी पेठेत पालखी विठोबाच्या देवळात. दोन रात्री पेठापेठांतून पंगती उठतात. आमच्या आळीतली चार घरेही मिळून एका दिंडीला भाकरी-पिठले वाढीत असत. वर्गणी जमे, भाकऱ्या थापल्या जात, सारे कसे एकदिलाने चाले.

एके वर्षी मंडळीतला एक गडी म्हणाला, "जमाखर्च एकदा सर्वांसमक्ष वाचा." आम्ही त्यालाच दटावले, "अरे बाबा, देवाच्या कामात कटकट कशाला? चल, पत्रावळी मांड." बिचारा गप्प बसला. पुढल्या वर्षी तो आला नाही. त्याच्यामागून आणखी दोन घरे गेली आणि पंगत मोडली. तेव्हा आमच्या ध्यानात आले की, आम्ही ज्याला एकदिल म्हणत होतो ते नुसते गप्प बसणे होते.

मिळून काम करण्याच्या तऱ्हा अनेक. पुणे सोडून माउलींचा रथ दिवे घाट चढतो, तेव्हा त्याला जादा बैलजोड्या जुंपतात. तिथे सगळ्यांनी एका दिशेने ओढले की झाले. दिंडीची तऱ्हा याहून निराळी. कोणाच्या गळ्यात वीणा, कोणाच्या मृदंग, कोणाच्या खांद्यावर पताका, तर कोणा माउलीच्या डोईवर तुळस. काम ज्याचे त्याचे वेगळे, पण चाल एक. रथापुढे कोण, रथामागे कोण, हेही ठरलेले. हैबतबाबा आरफळकरांनी एकोणिसाव्या शतकात सोहळ्याला जी शिस्त घातली, ती आजही पाळली जाते.

पण मंडळी, या शिस्तीचे मर्म पाहायचे असेल तर मुक्कामाच्या तळावर समाजआरतीला उभे राहावे. पालखीभोवती दिंड्या उभ्या असतात, टाळ-मृदंगाचा कल्लोळ चाललेला असतो. चोपदार चोप उंचावतो आणि क्षणात सारे शांत! मात्र ज्या दिंडीची काही तक्रार असेल, तिचे टाळ वाजतच राहतात. त्यांना कोणी दटावीत नाही. चोपदार त्यांच्याकडे जातो, गाऱ्हाणे ऐकतो, निवाडा होतो. हरवले-सापडले पुकारतात, उद्याच्या प्रस्थानाची वेळ सांगतात, आणि मग आरती. एवढा हजारोंचा समाज मूठभरांच्या टाळासाठी खोळंबतो!

तुम्ही म्हणाल, असे प्रत्येकाचे ऐकत बसलो तर काम कधी व्हायचे? अहो, वारी शेकडो वर्षे ऐकतच चालली आहे, आणि आषाढीला पंढरीस पोचण्यात खंड नाही. आमची पंगत मात्र चार घरांची असून मोडली, कारण आम्हाला ऐकायला सवड नव्हती.

परवा आम्ही त्या गड्याच्या दारी गेलो. वही त्याच्या हाती दिली, चूक कबूल केली. तो काही बोलला नाही. चष्मा लावून त्याने पहिले पान उघडले. यंदा पंगत बसेल की नाही, ते पांडुरंगाला ठाऊक. पण वाचकहो, तुमच्या मंडळींत, भजनात, घरात कोणाचा टाळ अजून वाजत असेल, तर आरती थोडी थांबवा आणि आधी त्याच्याकडे जा.

रामकृष्णहरि!